चौदा मीटर खोल, जागच्या जागी

जबड्याची गोष्ट बहुतेक वेळा एका दाढेपासून सुरू होते. जिभेच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेऊन चार-पाच वर्षं उलटलेली असतात, तपासण्या स्वच्छ आलेल्या असतात, माणूस आपल्या कामाला लागलेला असतो. खालची एक दाढ हलायला लागते, ती काढतात, आणि मग तो खड्डा भरूनच येत नाही. दोन आठवडे जातात, सहा जातात, तीन महिने होतात. तळाशी पिवळसर, कोरडं हाड दिसत राहतं. जीभ सारखी तिथेच वळते, कड खरखरीत लागते, तोंडाला वास येतो. कधी ठणका लागतो, कधी काहीच दुखत नाही, आणि न दुखणं जास्त फसवं असतं. अँटिबायोटिक बदलून पाहतात, हाडाचा एखादा कपचा आपोआप सुटून येतो, त्याखाली पुन्हा तसंच हाड. अशा वेळी पेशंट जो प्रश्न विचारतो तो मला कायम टोचत आलेला आहे : "रेडिएशन तर केव्हाच संपलं, मग हे आत्ता का?"

शेवटच्या दिवशी मशीन बंद होतं, पण लहान रक्तवाहिन्यांच्या अस्तराला झालेली इजा त्यानंतरही वर्षानुवर्षं पुढे सरकत राहते. अस्तर जाड होतं, आतली वाट अरुंद होते, भोवती तंतू साचून ऊती घट्ट आणि कडक होतात, आणि एकेक केशवाहिनी मिटत जाते. पूर्वी समज असा होता की किरण, जखम आणि जंतू हे तिघे एकत्र आले की हाड सडतं. अमेरिकन शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ साली हा समज उलटा केला. त्यांचं म्हणणं, जंतू हे उपरे. मूळ दुखणं आहे ते पेशी कमी, रक्तवाहिन्या कमी आणि ऑक्सिजन कमी असं तिहेरी. खालचा जबडा त्यात जास्त सापडतो, कारण त्याचं हाड दाट आणि त्याचा रक्तपुरवठा बव्हंशी एकाच धमनीवर टेकलेला. जबड्यावर ६० ग्रेच्या (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) वर मात्रा पडली असेल तर धोका ठळकपणे वाढतो. असा जबडा वर्षानुवर्षं ठीक असल्यासारखा दिसतो, आतून पोखरलेलं झाड वारा नसेपर्यंत उभं असतं तसा. दाढ काढणं म्हणजे त्याच्याकडे एकदम मोठं काम मागणं : नवी पेशी घडव, नवं हाड घाल, वर हिरडी ओढून घे. आणि नेमकं तेवढंच करायचं बळ त्याच्यात उरलेलं नसतं.

इथे हायपरबॅरिक ऑक्सिजनचा, म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली द्यायच्या ऑक्सिजनचा, विचार येतो.

उपचार सांगायला सोपा आहे. माणसाला बंद चेंबरमध्ये बसवायचं किंवा निजवायचं, आतला दाब वातावरणाच्या साधारण २.४ पट करायचा, म्हणजे समुद्रात १४ मीटर खोल गेल्यावर असतो तेवढा, आणि नव्वदेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३० ते ४० वेळा. साध्या मास्कने ऑक्सिजन देऊन हे का साधत नाही? रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात आणखी कोंबायला जागा नसते. वाढवता येतो तो रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन, आणि तो दाबाच्या प्रमाणात वाढतो. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तामागे तो जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. तीनपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की सहाच्या आसपास जातो. स्वस्थ बसलेलं शरीर १०० मिलिलिटर रक्तातून साधारण तेवढाच ऑक्सिजन काढून घेतं. ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक बूरेमा यांनी १९६० साली हे डुकरांवर दाखवलं : रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून घेतल्या, आणि तीनपट दाबाखालच्या ऑक्सिजनवर ती जगली. आजही वाचताना हा प्रयोग अंगावर येतो.

पण डुकरं जगली म्हणून जबडा भरतो असं नाही. चेंबरमधून बाहेर आल्यावर ऊतींमधला ऑक्सिजन काही तासांत पुन्हा होता तिथे येतो. दिवसातले ते दीड तास भुकेल्या हाडाला खाऊ घालण्यासाठी आहेत असं समजलं तर हिशोब लागत नाही. खरी गंमत उतारात आहे. साध्या जखमेत मेलेल्या मधल्या भागात ऑक्सिजन जवळजवळ शून्य आणि काठावर भरपूर, असा तीव्र उतार असतो. तो उतारच शरीराला बोलावणं धाडतो : भक्षक पेशी येतात, रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात. किरणांनी झालेली इजा अशी नसते. ती मध्यभागी जास्त आणि कडेकडेने हळूहळू कमी होत पसरलेली असते, तिला ठसठशीत काठच नसतो. जिथे एकदम काही बिघडलेलं नाही तिथे शरीराचं लक्ष जात नाही. चेंबर रोज दीड तास हा उतार कृत्रिमरीत्या उभा करतं, म्हणून रोज जावं लागतं आणि म्हणून सुरुवातीला काहीच घडत नाहीसं वाटतं. मार्क्स यांनी किरण लागलेल्या त्वचेवरून ऑक्सिजन मोजला तेव्हा पहिल्या आठेक सत्रांत फारसा फरक नव्हता, नंतर आकडा चढला, आणि वीसेक सत्रांनंतर निरोगी त्वचेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाऊन थबकला. पहिल्या दहा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देणारे पेशंट नेमके या सपाट भागात सोडतात.

याच ऑक्सिजनला कॅन्सरच्या दवाखान्यात आणलं होतं ते मात्र अगदी उलट्या कामासाठी. १९५३ साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ग्रे (मात्रेच्या एककाला यांचंच नाव) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ऑक्सिजन नसलेली पेशी किरणांना चिवट असते. तिला मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. कारण रासायनिक आहे. किरणांमुळे डीएनएवर जी क्षणभंगुर मोडतोड होते तिला ऑक्सिजन चिकटला की ती कायमची होते, नाहीतर पेशी ती दुरुस्त करून टाकते. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत उरकतं, त्यामुळे ऑक्सिजन त्या क्षणी तिथे हजर पाहिजे, अर्ध्या तासाने पोहोचून उपयोग नाही. पुढे १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसातल्या गाठींचे काप मोजले. रक्तवाहिनीपासून साधारण १८० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेशी जिवंत, त्यापलीकडे मेलेल्या. जिवंत आणि मृत यांच्या सीमेवर ज्या अर्धपोटी पेशी तग धरून असतात, त्याच किरणांतून वाचतात आणि गाठ परत आणतात, असा तर्क होता. मग लंडनच्या सेंट टॉमस हॉस्पिटलमध्ये चर्चिल-डेव्हिडसन यांनी त्याच वर्षी पेशंटला तीनपट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवून चेंबरसकट किरणांखाली आणलं. डोकं-मान आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर पुढची दोन दशकं चाचण्या झाल्या. काही ठिकाणी गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण खरोखरच वाढलं. पण रोज एकेक माणूस चेंबरमध्ये बंद करून, दाब चढवून, नेम धरून किरण देणं म्हणजे खटाटोप. तो जमावा म्हणून मोजक्याच मोठमोठ्या मात्रा द्यायच्या, आणि मोठ्या मात्रांनी निरोगी ऊतींचं नुकसान वाढायचं. मात्रा लहान करून रोज थोडी दिली की गाठीतल्या भुकेल्या पेशींना अधल्यामधल्या काळात आपसूक ऑक्सिजन मिळतो हे लक्षात आल्यावर चेंबरची गरजच बरीचशी उरली नाही.

त्यामुळे "ऑक्सिजन दिला तर कॅन्सर परत वाढणार नाही ना?" या शंकेत तथ्य किती, हे नीट सांगायला हवं. शंका वेडगळ नाही. गाठीलाही रक्तवाहिन्या लागतातच. पण प्राण्यांवरचे आणि माणसांवरचे अभ्यास एकत्र पाहता या उपचाराने गाठ वाढते किंवा परतते असं दिसलेलं नाही. तरीही उघड्या हाडाच्या कडेला न भरणारं काहीही असेल तर आधी तुकडा काढून तपासायचा, कारण परत आलेला कॅन्सरही अगदी असाच दिसतो. हा टप्पा गाळून थेट चेंबरमध्ये पाठवणं ही माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात महाग पडणारी घाई आहे.

आता पुराव्याकडे. इथे मन थोडं खट्टू होतं. मार्क्स यांच्या १९८५ च्या चाचणीत ७४ पेशंट होते, सगळ्यांच्या किरण लागलेल्या जबड्यातले दात काढायचे होते. निम्म्यांना पेनिसिलिन, निम्म्यांना दात काढण्याआधी २० आणि नंतर १० सत्रं. पेनिसिलिनच्या गटात ३७ पैकी ११ जणांचं हाड सडलं, ऑक्सिजनच्या गटात दोघांचं. या एका निकालावर जगभर तीस वर्षं २०-१० चा पाठ चालला. मग २०१९ मध्ये ब्रिटनमधली होपॉन चाचणी आली. तोच पाठ, तोच २.४ पट दाब, आणि सहा महिन्यांनी हाड सडण्याचं प्रमाण ऑक्सिजनच्या गटात ६.४ टक्के, ऑक्सिजनशिवाय ५.७ टक्के. म्हणजे फरक नाही. लक्षात घेण्यासारखं हे की ऑक्सिजनचा गट बिघडला नव्हता, दुसरा गट सुधारला होता. मधल्या काळात किरण जबडा चुकवून देता यायला लागले, दात हलक्या हाताने काढण्याचं तंत्र सुधारलं, अँटिबायोटिक आणि तोंड धुण्याची औषधं नेमकी झाली. त्याआधी, २००४ मध्ये, सडलेल्या हाडावर नुसता ऑक्सिजन देऊन पाहणारी फ्रेंच चाचणी ६८ पेशंटनंतर मध्येच थांबवावी लागली होती : ऑक्सिजनवाले १९ टक्के बरे, खोट्या उपचारावरचे, म्हणजे तुलनेसाठी नुसतेच चेंबरमध्ये बसवलेले, ३२ टक्के. मेलेलं हाड ऑक्सिजनने जिवंत होत नाही, ते कापूनच काढावं लागतं; चेंबरची मदत झालीच तर भोवतालच्या जिवंत ऊतींना होते.

मूत्राशयाची हकिकत निराळी आहे. ओटीपोटावर किरण घेतलेल्यांना काही वर्षांनी लघवीतून रक्त जायला लागतं, दर अर्ध्या तासाला धावावं लागतं, गुठळी अडकली तर रात्री-अपरात्री नळी घालून धुवून काढावी लागते. नॉर्डिक देशांमधल्या रिच-आर्ट चाचणीत ७९ पेशंट होते आणि ३० ते ४० सत्रांनंतर लघवीच्या तक्रारींचा गुणांक ऑक्सिजनच्या गटात १७.८ ने सुधारला, नेहमीच्या उपचारावर ७.७ ने. हा फरक पेशंटला रोजच्या जगण्यात जाणवेल असा आहे. गुदाशयातून रक्त जाणाऱ्यांवरची २००८ ची चाचणीही ऑक्सिजनच्या बाजूने गेली : ८८.९ टक्क्यांना आराम. पण त्याच चाचणीत खोट्या उपचाराने ६२.५ टक्क्यांना आराम पडला होता, आणि हा दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच बोलका वाटतो. रोज कुणीतरी विचारपूस करतं, वेळ ठरलेली असते, दुखणं काही अंशी आपोआपही निवळतं. चेंबरबाहेर पडलेला प्रत्येक खुशीचा अनुभव चेंबरच्याच खात्यावर मांडता येत नाही.

कागदावर ३० सत्रं म्हणून लिहिलेली गोष्ट प्रत्यक्षात कशी असते, ते कानापासून सुरू होतं. दाब चढायला लागला की पहिल्या मिनिटातच कानाला दडे बसतात. मधल्या कानातली हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो, आणि नाकामागून येणारी नळी उघडून तिथे नवी हवा पोहोचवली नाही तर दुखणं कळ येईपर्यंत जातं. उपाय साधे आहेत : आवंढा गिळायचा, जांभई द्यायची, जबडा पुढे काढून हलवायचा, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची. पण डोक्या-मानेवर किरण घेतलेल्या माणसाकडे बघा. लाळग्रंथी सुकलेल्या, त्यामुळे गिळायला आवंढाच नाही. जबडा आखडलेला, दोन बोटांहून जास्त उघडत नाही, म्हणून जांभई अर्धीच. नाकामागचा भाग किरणांच्या टप्प्यात आला असेल तर ती नळीच सुजून ताठरलेली. स्वरयंत्र काढून गळ्याला छिद्र ठेवलेलं असेल तर फुप्फुसातली हवा नाकाकडे येतच नाही, फुंकर मारायची कशी? ज्याला या उपचाराची गरज तोच दाब जुळवायला सगळ्यात असमर्थ, असा हा पेच आहे. त्यावर पाण्याची बाटली हातात देऊन घोटाघोटाने उतरवतात, दाब एरवीपेक्षा निम्म्या वेगाने चढवतात, दुखलं की थांबून थोडा उतरवतात आणि मग पुन्हा चढवतात. दोन-तीन दिवसांत जमलं नाही तर कानाच्या पडद्यात बारीक नळी बसवतात आणि प्रश्न मिटतो. सहन करत गप्प बसणाऱ्यांचा पडदा मात्र लाल होतो, क्वचित फाटतो. पहिल्या दिवशी हात वर करायला शिकवणं हे तंत्रज्ञाचं सगळ्यात मोठं काम. गळ्याला छिद्र असलेल्यांना मास्कही चालत नाही, डोक्यावरून गळ्यापर्यंत येणारी पारदर्शक टोपी लागते. श्वासनलिकेत फुगा असलेली नळी असेल तर त्या फुग्यात हवेऐवजी सलाइन भरतात, नाहीतर दाबाखाली फुगा चिपाडासारखा आक्रसतो आणि नळी सैल पडते.

दाब चढताना आत गरम होतं, उतरताना गार वाटतं आणि हवेत बारीक धुकं दिसतं. हे सगळं अपेक्षित आहे, पण आधी सांगितलेलं नसेल तर धुकं पाहून माणूस धूर समजतो.

आणि धुराची धास्ती उगीच नाही. १९९७ च्या ऑक्टोबरअखेर मिलानमधल्या एका हॉस्पिटलच्या चेंबरमध्ये आग लागून अकरा जण गेले; आत नेलेलं हात शेकायचं छोटं साधन हे कारण ठरलं. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या गर्दीत एरवी न पेटणाऱ्या वस्तू पेटतात आणि एरवी धुमसणाऱ्या भडकतात. म्हणून कपडे फक्त सुती आणि तेही तिथलेच, केसांना तेल नाही, मलम-पावडर-अत्तर नाही, घड्याळ, मोबाइल, कानातलं यंत्र, काडेपेटी, काहीच नाही. एकट्याच्या ॲक्रिलिक चेंबरमध्ये सबंध हवाच ऑक्सिजनची असते, म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतात, अंगावरची स्थिर वीज निघून जावी म्हणून. अनेकांच्या पोलादी चेंबरमध्ये दाब साध्या हवेचा असतो आणि ऑक्सिजन टोपीतून येतो; टोपीच्या गळ्यापाशी गळती झाली तर खोलीतला ऑक्सिजन वाढतो, तो २३.५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नसतो. झडती घेताना पेशंट रागावतात, अपमान झाल्यासारखं तोंड करतात. रोज येणारा माणूस विसाव्या दिवशी खिसे तपासू देत नाही, आणि नेमकं तेव्हाच तपासायला हवं.

दर वीस-तीस मिनिटांनी पाच मिनिटं साधी हवा देतात ती विश्रांती म्हणून नव्हे. दाबाखालचा ऑक्सिजन मेंदूला चिथावतो. ओठ फुरफुरणं, कानात आवाज, मळमळ, आणि क्वचित सरळ फिट. प्रमाण फार कमी आहे, हजारो सत्रांमागे एखादी, आणि ती बहुधा खुणा न कळवताच येते. ताप असेल, मधुमेह्याची साखर उतरलेली असेल, तर धोका जास्त; चेंबरमध्ये साखर एरवीपेक्षा खाली येते, म्हणून आत जाण्याआधी ती मोजतात. फिट आलीच तर टोपी काढून ऑक्सिजन तोडायचा आणि दाबाला हात लावायचा नाही. घाबरून दाब उतरवला तर आकडीत घसा बंद असलेल्या माणसाच्या फुप्फुसात हवा अडकून फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. झटके थांबले, श्वास सुरू झाला, की मग वर आणायचं. याच कारणाने छातीत हवा साठलेली असेल आणि ती काढलेली नसेल तर चेंबर वर्ज्य. ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध घेतलेल्यांच्या फुप्फुसांबद्दलही आधी नीट विचार करावा लागतो.

पंधरा-वीस सत्रांनंतर एक गमतीदार गोष्ट घडते : चाळिशीचा चष्मा लावणाऱ्याला तो न लावता वाचता यायला लागतं. डोळ्याच्या भिंगात बदल होऊन दृष्टी जवळची होते, आणि लांबचं त्याच प्रमाणात धूसर. उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत ते बहुतेक पूर्ववत होतं, तोवर नवा चष्मा करून पैसे घालवू नयेत. मोतीबिंदू आधीच असेल तर मात्र तो लवकर पिकू शकतो, हे संमतीच्या कागदावर बारीक अक्षरात नको, तोंडाने सांगायला हवं.

खरा अडथळा शरीराचा नसतोच बऱ्याचदा. स्तनाच्या कॅन्सरनंतर दुखणं आणि कडकपणा राहिलेल्या स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, ऑक्सिजनचा उपचार देऊ केलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा तो घ्यायला तयार झाला. ज्यांनी पुरा केला त्यांना दुखण्यात फरक पडला. बाकीच्यांना आठ आठवडे रोज जाण्या-येण्यासकट अर्धा दिवस देणं पेलण्यासारखं वाटलं नाही. हे मला आळशीपणाचं लक्षण वाटत नाही. कॅन्सरनंतर मिळालेल्या दिवसांची किंमत ज्याने त्याने ठरवायची असते, आणि ती ठरवता यावी म्हणून कोणत्या अवयवासाठी पुरावा किती, हे आधी उघड करायला हवं.

या अडचणीचा फायदा घेऊन हल्ली मऊ पिशवीसारखी चेंबर्स विकली जातात. घरीच झोपा, झिप ओढा, ऑक्सिजन घ्या. त्यांचा दाब साधारण १.३ पट असतो आणि आत बहुतेकदा साधी हवा असते. हिशोब करून पाहावा : हवेत २१ टक्के ऑक्सिजन, त्याचे १.३ पट म्हणजे सव्वासत्तावीस टक्के. तेवढा ऑक्सिजन कुठल्याही वॉर्डात नाकाला नळी लावून मिळतो. आतड्यांच्या तक्रारींवरची ब्रिटिश हॉट-टू चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, ८४ पेशंट होते आणि ऑक्सिजनचा फायदा तिच्यात दिसला नाही. त्या चाचणीत खरा उपचार २.४ पट दाबाचा होता. खोटा उपचार घेणाऱ्यांना, त्यांना संशय येऊ नये म्हणून कान बंद होण्यापुरता दाब द्यायचा होता, तेव्हा त्यांच्यासाठी निवडलेली मात्रा होती १.३ पट दाब आणि साधी हवा.